बिचाऱ्याच्या घरी कोणी नव्हतं वाटतं

आमच्या घरात वर्तमानपत्र आतून बाहेर वाचलं जायचं. म्हणजे बाबा वाचायचे. पहिल्या पानावरचं राजकारण उद्याही तेच असणार, त्याला कसली घाई, असं त्यांचं मत. ते थेट आतलं पान उघडत आणि नजर तळाच्या कोपऱ्यात नेत. तिथे चार ओळींच्या चौकटीत दिवसाचा खरा ऐवज असे. चोरी करायला शिरला आणि मालकाच्याच पलंगावर झोपी गेला. गॅस कुठून गळतोय ते बघायला काडी पेटवली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवली, ही तर गोष्टीतली म्हणून सोडून द्यावी, पण दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी ती खरी करून दाखवतोच.

या बातम्यांची भाषाही ठरलेली. त्यांत माणूस नसतो, इसम असतो. लोक नसतात, बघे असतात. इसम कृत्य करतो, बघे गर्दी करतात आणि शेवटी परिसरात एकच खळबळ उडते. दोन खळबळी कधी उडालेल्या मी वाचल्या नाहीत. बाबा हे सगळं बातम्या देणाऱ्याच्या संथ आवाजात मोठ्याने वाचत. आम्ही भावंडं हसून लोळत असू. ते स्वतः हसत नसत. वाचून झालं की चष्मा काढत, पानाची घडी घालत आणि एकच शेरा मारत, ‘बिचाऱ्याच्या घरी कोणी नव्हतं वाटतं.’

आई आतून ऐकत असायची. तिचं मत मात्र ती राखून ठेवायची.

लहानपणी मला वाटे, हा शेरा म्हणजे बाबांचा विनोद आहे. पुढे लक्षात आलं की ते त्यांचं निदान होतं. त्यांच्या लेखी जगात मूर्ख माणूस असा नव्हताच. एकटा माणूस होता. मनात काहीतरी खूळ आलं, त्या क्षणी ‘अरे थांब जरा’ म्हणणारं कोणी शेजारी नव्हतं, म्हणून तो वर्तमानपत्रात आला. बाकी तुमच्याआमच्यासारखाच. मी हे निदान बरीच वर्षं प्रमाण मानलं. मग मलाही या बातम्यांचा नाद लागला आणि वाचता वाचता त्या निदानाला एकेक भोक पडत गेलं.

या सगळ्या गोतावळ्यात माझा सर्वांत लाडका लिंबूवाला. १९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एका गृहस्थाने एकाच दिवसात दोन बँका लुटल्या. तोंडावर बुरखा नाही, रुमाल नाही. उलट कॅमेऱ्याकडे बघून छानसा हसला. ती चित्रफीत रात्रीच्या बातम्यांत दाखवल्यावर त्याचा पत्ता लागायला कितीसा वेळ लागणार? पोलिसांनी त्याला त्याचीच चित्रफीत दाखवली, तर हा थक्क. म्हणाला, ‘पण मी तर रस लावला होता!’ कसला रस, तर लिंबाचा. लिंबाच्या रसाने कागदावर लिहिलं तर ते अक्षर कागद तापवेपर्यंत दिसत नाही. म्हणजे तोंडाला लिंबू चोळलं आणि उष्णतेपासून लांब राहिलं की चेहरा कॅमेऱ्याला दिसणार नाही.

लोक इथवर वाचतात, हसतात आणि पुढच्या बातमीकडे जातात. मला पुढचा भाग जास्त आवडतो. या माणसाने आंधळा विश्वास ठेवला नव्हता. त्याने प्रयोग केला होता. घरी तोंडाला रस चोळून स्वतःचा पोलरॉइड फोटो काढला होता आणि फोटोत तो खरोखर दिसला नव्हता! आता फिल्म खराब होती, की कॅमेरा नीट लावला नव्हता, की तो भलतीकडेच रोखला होता, यावर पोलिसांनी तर्क केले. मला तिसरा तर्क पटतो. डोळ्यांत लिंबू गेलेल्या माणसाला कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे हे कसं कळणार? पण त्याच्या बाजूने बघा. सिद्धान्त मांडला, पडताळून पाहिला, पुरावा हाती आला. डोळे झोंबत असतानाही मागे हटला नाही. एवढी चिकाटी माझ्यात असती तर मी कुठच्या कुठे गेले असते.

ही हकीकत डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञाच्या वाचनात आली. त्याने आपला विद्यार्थी जस्टिन क्रूगरला सोबत घेतलं आणि १९९९ साली दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. निबंधाची सुरुवातच या लिंबूवाल्याने होते. त्यांनी विद्यार्थ्यांची तर्काची, व्याकरणाची आणि विनोद कळतो की नाही याचीही परीक्षा घेतली. तळाच्या पाव हिश्श्यातली मंडळी शंभरातल्या साधारण बाराव्या पायरीवर उभी होती आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होती. ज्याला काम येत नाही त्याला ते येत नसल्याचंही कळत नाही, कारण दोन्हींना अक्कल तीच लागते. हे संशोधन आता जगभर तोंडी झालं आहे. ज्याला त्याला ते शेजाऱ्याला, साहेबाला, मेहुण्याला लावता येतं. स्वतःला लावून पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मीही नाहीच लावलं. मी बासष्टाव्या पायरीवर मजेत आहे.

मराठीला ही भानगड फार आधीच कळली असावी. आपल्याकडे कोणाला मूर्ख म्हटलं तर तो हसण्यावारी नेतो. ‘शहाणाच आहेस’ म्हटलं की भडकतो. जगाच्या पाठीवर कितीशा भाषांत अकलेची पावती ही शिवी म्हणून वापरली जात असेल? त्यात आणखी दीडशहाणा. शहाण्यावर आणखी अर्धा. सगळा घोळ त्या वरच्या अर्ध्याने होतो. लिंबाच्या रसाचं अक्षर दिसत नाही, हे एक शहाणपण. म्हणून चेहराही दिसणार नाही, हा वरचा अर्धा. अज्ञानी माणसाला हे सुचलंच नसतं. त्याने मुकाट्याने रुमाल बांधला असता.

समर्थ रामदासांनी मूर्खांची लक्षणं सांगताना दोन्ही हातांनी डोकं खाजवणारासुद्धा सोडला नाही. पण त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांनी पढतमूर्खाला वेगळं पान दिलं. शिकलेला, मान्यता असलेला, खुर्चीवर बसलेला मूर्ख. बाबांच्या निदानाला पहिलं भोक पाडलं ते या जातीने.

१९७० चा नोव्हेंबर. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात फ्लोरेन्स गावाच्या किनाऱ्यावर पंचेचाळीस फुटी, आठ टनांचा मेलेला देवमासा वाहून आला. दुर्गंधी सुटली. विल्हेवाट लावायचं काम राज्याच्या महामार्ग खात्याकडे आलं. आता रस्ते बांधणाऱ्यांचा देवमाशाशी काय संबंध? पण वाटेत मोठा दगड आला तर ते काय करतात? सुरुंग लावतात. देवमासा मोठा असतो, वाटेत असतो, म्हणजे तो दगडच. वीस खोकी डायनामाइट, म्हणजे जवळपास अर्धा टन, त्याच्या जमिनीकडच्या अंगाला पुरायचं ठरलं. हेतू असा की मासा समुद्राच्या दिशेने उडेल, बारीक तुकडे होतील आणि उरलंसुरलं समुद्रपक्षी येऊन खातील. कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याने दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला आधीच सांगून ठेवलं होतं, की काम होणार याची खात्री आहे, फक्त नेमकी किती दारू लागेल ते ठाऊक नाही.

मला हे वाक्य चौकटीत लावून भिंतीवर टांगावंसं वाटतं. खात्री आहे, फक्त माहिती नाही.

बारा तारखेला दुपारी बार उडाला. बघे पाव मैल लांब वाळूच्या टेकड्यांवर होते. चित्रफितीत आधी त्यांचा आनंदाचा चीत्कार ऐकू येतो आणि मग धप्, धप्, धप्. आकाशातून देवमासा पडत होता. चरबीचा एक भलामोठा तुकडा लांब उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर आदळला आणि टप चपटा झाला. समुद्रपक्षी आवाजाने जे पळाले ते फिरकलेच नाहीत. आणि माशाचा बराच मोठा भाग जिथे होता तिथेच, जसाच्या तसा. अभियंत्याचं त्याच दिवशीचं म्हणणं असं, की सगळं अगदी ठरल्यासारखं झालं, फक्त स्फोटाने माशाखालच्या वाळूत खड्डा पडला.

आता बाबांचा शेरा आठवा. घरी कोणी नव्हतं वाटतं? होतं की! युद्धात स्फोटकांचं प्रशिक्षण घेतलेला एक व्यावसायिक त्या दिवशी तिथे योगायोगाने आला होता. त्याने सांगितलं, अहो, वीस खोकी काय, वीस कांड्या पुरेत. कोणी लक्ष दिलं नाही. टप चपटा झाला ती मोटार कोणाची होती म्हणता? त्याचीच. नवीकोरी होती, आणि ज्या सवलतीच्या योजनेत त्याने ती घेतली होती तिच्या जाहिरातीतही देवमाशावरचा श्लेष होता. ललित लेखकाने असलं काही रचलं असतं तर संपादकाने ते अतिरंजित म्हणून छाटलं असतं.

(फ्लोरेन्सवाल्यांनी २०२० मध्ये तिथल्या एका बागेला या स्फोटाचं नाव दिलं. १९७९ मध्ये त्याच भागात आणखी एकेचाळीस देवमासे किनाऱ्याला लागले, तेव्हा ते जाळून पुरले. एवढं शिकायला नऊ वर्षं. माझ्या मते हा वेग चांगलाच आहे.)

तर ‘थांब’ म्हणणारा असतो. मी शोधायला लागले आणि जिथे तिथे मला तो सापडायला लागला. १६२८ साली स्वीडनच्या राजाने ‘वासा’ नावाची प्रचंड युद्धनौका बांधून घेतली. चौसष्ट तोफा, डोळे दिपवणारं कोरीवकाम. निघण्याआधी बंदरात चाचणी झाली. तीस माणसांनी डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम धावायचं आणि जहाज किती कलतं ते पाहायचं. तीन वेळा धावून झाल्यावर जहाज एवढं डोलायला लागलं की पालथं होईल या भीतीने नौदलाच्या अधिकाऱ्याने चाचणी थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही. जहाजावरच्या एका जाणत्या नाविकाने शंका काढली, तर उत्तर मिळालं की बांधणाऱ्याने याआधीही जहाजं बांधली आहेत, काळजी नको. राजा लढाईवर होता आणि त्याला जहाज तातडीने हवं होतं. त्याला कोण कळवणार? १० ऑगस्टला वासा थाटात निघाली, साधारण तेराशे मीटर गेली आणि वाऱ्याच्या झोताने आडवी होऊन स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. तीसएक माणसं गेली. चौकशी झाली आणि शिक्षा कोणालाच झाली नाही.

१९६१ मध्ये तिला वर काढलं, तेव्हा आत सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच जहाजावर दोन माणसं ‘फूट’ म्हणत होती आणि दोघांचा फूट वेगळा होता. सतराव्या शतकातला गोंधळ म्हणून सोडून द्यावं, तर १९९९ साली नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान याच कारणाने गेलं. एका गटाची आकडेमोड पौंडांच्या मापात, दुसऱ्याला वाटलं ती न्यूटनमध्ये आहे. फ्रान्समध्ये २०१४ साली उघड झालं की मागवलेल्या नव्या आगगाड्या तेराशे फलाटांसाठी जरा रुंद आहेत. फलाट छिलावे लागले. २०२३ मध्ये स्पेनने त्यावर ताण केली. तिथे मागवलेल्या गाड्या उत्तरेकडच्या काही बोगद्यांत मावणार नव्हत्या. चूक बांधणीआधी ध्यानात आली, पण वरिष्ठ मंडळींना खुर्च्या सोडाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या कचेरीत पट्टी घेऊन जाऊन बोगदा मोजून येऊ का, असं कोणी विचारलं नसेल? विचारलं असणार. बैठकीत विचारलं असेल आणि ‘नंतर बोलू’ असं उत्तर मिळालं असेल.

माणसं एकत्र आली की एकटेपणाचं निदान तर पारच कोसळतं. १९७३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रात्रीच्या कार्यक्रमात सूत्रधार जॉनी कार्सनने टॉयलेट पेपरची टंचाई असल्याचा विनोद केला. दुसऱ्या दिवशी दुकानांतले कप्पे रिकामे. टंचाई नव्हती, विनोदाने ती आणली. पुढे त्याने खुलासा केला, पण रिकामा कप्पा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला खुलासा ऐकू येत नाही. मार्च २०२० मध्ये हाच खेळ अनेक देशांनी बिनविनोदाचा खेळला. गंमत अशी की यातला एकेकटा माणूस वेडा नाही. इतर वेडे आहेत, ते सगळं उचलून नेतील, म्हणून मी आधी नेतो, एवढाच त्याचा हिशेब. हजार शहाण्यांनी हा हिशेब केला की बाहेर जे दिसतं ते वेड.

आता थोडं माझ्याविषयी, कारण एवढा वेळ दुसऱ्यांवर हसल्यावर टाळणं बरं दिसत नाही.

२०१४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात एक शोधनिबंध आला. स्वतःच्या मूर्खपणाने जिवाला मुकलेल्यांना किंवा निदान प्रजननाला मुकलेल्यांना ‘डार्विन पुरस्कार’ द्यायची एक खोडसाळ प्रथा आहे. संशोधकांनी वीस वर्षांची यादी तपासली. स्त्री-पुरुषांनी जोडीने मिळवलेले पुरस्कार बाजूला ठेवून ३१८ उरले. त्यांतले २८२ पुरुषांना, ३६ स्त्रियांना. म्हणजे ८८.७ टक्के पुरुष. मी तो आकडा नवऱ्याला मोठ्या आवाजात वाचून दाखवला, बाबांच्याच थाटात. तो शांतपणे म्हणाला, ‘त्या छत्तीस जणींत आपली जागा थोडक्यात हुकली, आठवतंय?’

आठवतंय. मी गाडी चालवत होते, फोनवरचा नकाशा बोलत होता. रात्रीची वेळ. नवरा दोनदा म्हणाला, ‘पुढे काहीतरी चमकतंय.’ मी म्हटलं, पाऊस पडून गेलाय, रस्ता ओला आहे. तो म्हणाला, ‘रस्त्यावर लाटा नसतात.’ मी म्हटलं, नकाशात सरळ रेघ आहे. तेवढ्यात बाई बोलली, ‘सरळ जात राहा.’ खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात नवरा आणि ती बाई असा सामना होता आणि माझा कौल तिला होता. ती थकत नाही, वैतागत नाही, ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं कधी म्हणत नाही. पुढची चाकं चिखलात रुतली तेव्हा कळलं की ती रेघ नावेची होती. ती बाई त्यावरही वैतागली नाही. ‘नवा मार्ग शोधत आहे,’ म्हणाली.

म्हणून २०१२ साली ऑस्ट्रेलियात ओहोटीच्या चिखलातून बेटाकडे गाडी हाकणाऱ्या त्या जपानी पर्यटकांना मी हसत नाही. नकाशाने मधला समुद्र त्यांना सांगितला नव्हता. समोर मात्र तो होता. भरती आली आणि गाडी तिथेच राहिली. २०१६ च्या फेब्रुवारीत एक अमेरिकन प्रवासी आइसलँडच्या विमानतळावरून रेक्याविकमधल्या हॉटेलाकडे निघाला. वाट तासाभराचीही नाही. रस्त्याच्या नावात एक ‘र’ जास्त टंकला गेला आणि तो बर्फातून पाचेक तास गाडी चालवत देशाच्या उत्तर टोकाला, सिग्लुफ्योर्दुर गावात, एका अनोळखी घराच्या दारात जाऊन थडकला. पाच तास! दुसऱ्या तासाला त्याला शंका आली असणार. पण दोन तास चुकीच्या वाटेने गेलेला माणूस परत फिरत नाही, कारण परत फिरणं म्हणजे ते दोन तास मूर्खपणाचे होते हे मान्य करणं. त्यापेक्षा आणखी तीन तास पुढे जाणं सोपं. हे मी गाडी न चालवताही बऱ्याचदा केलं आहे.

सगळ्याच बातम्या मात्र अशा हसून संपवता येत नाहीत. २०१६ मध्येच अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना रानगव्याचं एक वासरू दिसलं. त्यांना वाटलं ते थंडीने कुडकुडतंय. त्यांनी ते उचलून गाडीत घातलं आणि रक्षकांकडे आणलं. बर्फात जन्माला आलेल्या जनावराला! त्याला पुन्हा कळपात सोडायचे प्रयत्न झाले, कळपाने घेतलं नाही. ते माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे येत राहिलं. शेवटी त्याला मारावं लागलं. या बातमीवर जगाने त्या लोकांना यथेच्छ झोडपलं. मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या मनात लोभ नव्हता, बढाई नव्हती, निव्वळ माया होती. वरचा अर्धा शहाणपणा मायेलाही चिकटतो, याची मला भीती वाटते, आणि माझ्या घरात लहान मुलं असल्याने जरा जास्तच वाटते.

आणि हल्लीची नवी जात मला मुळीच आवडत नाही, ती म्हणजे बातमीत यायचं म्हणून केलेला मूर्खपणा. लिंबूवाल्याला बातमीत यायचं नव्हतं, त्याची सगळी धडपड न दिसण्यासाठी होती. आताचा आधी कॅमेरा लावतो, मग कपडे धुवायच्या साबणाची पुडी चावतो. २०१८ साली तो खेळ निघाला होता आणि डॉक्टरांना सांगावं लागलं की साबण खाऊ नका. सेल्फी काढताना जीव गमावणाऱ्यांच्या बातम्या एका भारतीय अभ्यासात गोळा केल्या, तर ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात २५९ मृत्यू निघाले. त्या दृश्यातही शेजारी माणसं असतात. ती ‘थांब’ म्हणत नाहीत. ‘जरा मागे सरक,’ म्हणतात.

बाबा म्हातारे झाल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी फोनवरून शोधून त्यांना वाचून दाखवत असे. त्यातली एकच बातमी अशी, की तिच्यावर त्यांनी शेरा मारला नाही. ती होती १९८२ ची. कॅलिफोर्नियातल्या एका मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला लहानपणापासून विमान उडवायचं होतं, डोळे अधू म्हणून जमलं नाही. त्याने बागेतल्या खुर्चीला हवामान खात्याकडचे असतात तसले बेचाळीस फुगे बांधले, हेलियम भरला, सोबत छर्ऱ्यांची बंदूक घेतली. वर गेल्यावर एकेक फुगा फोडत उतरायचं. दोर सुटला आणि तो सोळा हजार फुटांवर पोचला. विमानांच्या वाटेत! काही फुगे फोडले, मग बंदूक हातातून निसटली. उतरताना दोऱ्या विजेच्या तारांत अडकल्या आणि वस्तीचे दिवे वीस मिनिटं गेले. पोलिसांनी धरला. का केलंस, असं विचारलं तर तो म्हणाला, माणूस नुसता बसून राहू शकत नाही. हा सगळा वेळ तो बसूनच होता, ही गोष्ट वेगळी.

मी शेऱ्याची वाट बघत थांबले. बाबांनी चष्मा काढला, पुसला. ‘वर गेल्यावर कसं वाटलं म्हणाला तो?’ त्यांनी विचारलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांना एक फोन आला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होणार, वाचवायचं तर फोनवर आलेला आकडा सांगा. बाबांनी आकडा सांगितला. पुन्हा एक आला, तोही सांगितला. तिसराही सांगितला, आणि वर ‘सांभाळून राहा हो, हल्ली फार फसवतात’ असं त्या माणसालाच बजावलं. मी त्या वेळी पलीकडच्या खोलीत होते, कानात बोंडं घालून ऐकत बसले होते. काय, तर मूर्खपणावरचंच एक व्याख्यान. गेलेली रक्कम सांगत नाही. बाबांना अजून आवडत नाही.

तक्रार झाली. दोन दिवसांनी आतल्या पानाच्या तळाच्या कोपऱ्यात, चार ओळींच्या चौकटीत, ज्येष्ठ नागरिकाची फसवणूक. नाव नव्हतं. सकाळी मी वर्तमानपत्र आधी उचलून लपवणार होते, पण बाबांचा हात आधी पोचला. त्यांनी सवयीने आतलं पान उघडलं, नजर कोपऱ्यात नेली. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मोठ्याने वाचायला लागले. तोच संथ आवाज. ‘सदर इसमाने...’ एक शब्द गाळला नाही. सगळं वाचून झालं, चष्मा काढला, घडी घातली आणि तोंड उघडून तसेच थांबले.

‘होती की माणसं घरी,’ आतून आई म्हणाली. ‘विचारलं कुणी?’

बाबांनी पुन्हा चष्मा लावला, पान उलटलं आणि हवामान वाचायला घेतलं.